पिस्टनला भोक पडलं... आणि एक प्रश्न: इंजिनातला सगळ्यात मोठा शोध कुठला म्हणाल?

डिचोलीचा_काका · १४ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. फोटो चढत नाहीयेत म्हणून शब्दातच सांगतो. माझ्या जुन्या पेट्रोल जीपचं हेड, म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, काल उतरवलं आणि तीन नंबरच्या पिस्टनच्या माथ्यावर, एक्झॉस्टच्या बाजूला अगदी कडेला, करंगळी जाईल एवढं भोक. भोकाच्या कडा मेणबत्तीचं मेण ओघळून थिजतं ना तशा झालेल्या. त्याच सिलेंडरचा प्लग बघितला तर पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चकचकीत ठिपके, मोहरीपेक्षाही लहान, नखाने खरवडले तरी निघत नाहीत. ते ॲल्युमिनियम आहे. पिस्टन वितळून प्लगवर उडालाय.

झालं असं की चवथीच्या खरेदीला बेळगावला निघालो होतो, घरची सात माणसं गाडीत. केरी सोडली की चोर्लाचा चढ लागतो, तिथून इंजिनातून किणकिण आवाज यायला लागला, कोणी डब्यात खिळे हलवतंय असा. पोरगा म्हणाला पण, बाबा आवाज येतोय. मी तिसऱ्या गिअरमध्येच ओढत राहिलो कारण दुसरा टाकला तर पाणी गरम होईल असं वाटलं. चढ संपायच्या आधीच धाड आवाज झाला, एका सिलेंडरने काम सोडलं आणि ब्रीदरमधून निळा धूर. पाऊस धो धो, लहान मुलं गाडीत, दोन तास तिथे उभे होतो.

खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये १९ वर्षं टिपरची इंजिनं खोललीत मी, २०१२ ला खाणी बंद झाल्या तोपर्यंत. डिझेलचे पिस्टन खूप बघितले, पण हे असं भोक स्वतःच्या गाडीत बघितल्यावर रात्रभर झोप नाही आली. आणि डोक्यात एकच चाललंय. पिस्टन, क्रँक, कनेक्टिंग रॉड, चार स्ट्रोक, हे सगळं निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चालवून दाखवलं ते आजही तसंच आहे, त्याला आजचं इंजिन उघडून दाखवलं तर बहुतेक भाग तो ओळखेल. मग दीडशे वर्षं इंजिनियर लोकांनी केलं काय? माझं उत्तर असं आहे की त्यांनी आग शिकली. ३००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा २० मिलिसेकंदाचा, त्यातलं खरं जळणं होतं दोन-अडीच मिलिसेकंदात. इंजिनातले मोठे शोध सगळे त्या अडीच मिलिसेकंदात लपलेत असं मला वाटतं. तुमच्या मते कुठला शोध मोठा? आणि माझं नेमकं काय चुकलं तेही सांगा, राग येणार नाही.

स्पॅनरवाला_फोंडा · १४ ऑगस्ट, रात्री १०.१५

काका आधी गाडीचं बघू मग इतिहास. कडेला भोक आणि प्लगवर ठिपके म्हणजे नॉकिंगच, त्यात शंका नाही. मधोमध भोक असतं तर प्रीइग्निशन, म्हणजे स्पार्कच्या आधीच मिक्स्चर पेटणं, म्हणालो असतो, प्लगची हीट रेंज (प्लग कितपत तापतो ते) विचारली असती. डिस्ट्रिब्युटर काढा, कॅप आणि रोटर बाजूला करा, खालची पॉइंटची प्लेट उचला. तिच्याखाली दोन वजनं असतात, स्प्रिंगने बांधलेली. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क आधी पडतो, त्यालाच आपण ॲडव्हान्स म्हणतो. आपल्याकडच्या दमट हवेत त्या स्प्रिंगला गंज लागतो आणि ती तुटते. एक स्प्रिंग तुटली की कमी आरपीएमलाच पूर्ण ॲडव्हान्स मिळतो, पिस्टन अजून वर येतोय तोवर आग लागलेली. उद्या बघून सांगा.

आणि गिअर तिसरा ठेवलात तिथे चुकलं, सरळ सांगतो. चढावर आरपीएम कमी आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, नॉकिंगला यापेक्षा चांगलं वातावरण नाही. आवाज आला की पाय उचलायचा आणि गिअर खाली टाकायचा.

मोठा शोध म्हणाल तर माझं मत नॉक सेन्सरला. बोटाएवढा तुकडा, ब्लॉकला एका बोल्टने बसवलेला, आत पिझो स्फटिक. ब्लॉक ठराविक कंपनात थरथरला की तो कॉम्प्युटरला कळवतो आणि पुढच्याच स्ट्रोकला टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे जातं. जे तुमच्या पोराने कानाने ओळखलं तेच काम. तुमच्या जीपला तो असता तर पिस्टन वाचला असता.

कोलवाळ_रायडर · १४ ऑगस्ट, रात्री ११.०२

मस्त धागा. पण माझ्यासारख्यांसाठी कोणीतरी नॉकिंग म्हणजे नेमकं आत काय होतं ते सांगा ना. मला इतके दिवस वाटायचं की टॅपेट किंवा पिस्टन कुठेतरी आपटतो म्हणून आवाज येतो.

डिचोलीचा_काका · १५ ऑगस्ट, सकाळी ७.३०

रायडर, आपटत काही नाही. स्पार्क पडला की तिथून आगीची एक भिंत निघते आणि चेंबरभर पसरत जाते. गवताला एका टोकाला काडी लावली की वणवा पुढे सरकतो, तसं. ही भिंत पुढे जाताना तिच्या पुढच्या न जळलेल्या वायूला दाबत जाते. दाबलं की तापमान वाढतं. लांबच्या कोपऱ्यातला वायू भिंत पोचायची वाट न बघता स्वतःच पेटला, तो सुद्धा सगळाच्या सगळा एका क्षणात, तर दाबाची लाट चेंबरमध्ये इकडून तिकडे आदळायला लागते. ब्लॉक घंटेसारखा वाजतो, तोच तो किणकिण आवाज.

आता नुकसान का होतं ते बघ. आतली आग २००० अंशाच्या वर आणि पिस्टनचं ॲल्युमिनियम साधारण ६६० ला वितळतं, तरी पिस्टन रोज टिकतो, का? कारण पिस्टनच्या अंगाला वायूचा एक पातळ थंड थर चिकटून असतो, पांघरुणासारखा, आणि उरलेली उष्णता रिंगांमधून आणि ऑइलमधून निघून जाते. नॉकिंगची लाट ते पांघरूण ओढून काढते. मग धातू उघडा पडतो.

हे नीट अभ्यासून मांडणाऱ्यांमध्ये हॅरी रिकार्डो नावाचा इंग्रज इंजिनियर फार मोठा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यासाठी त्याने इंजिन बनवलं होतं, त्यानंतर तो नॉकिंगच्या मागे लागला. त्या काळात गाड्यांची इंजिनं साइड व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलेंडरच्या शेजारी, त्यामुळे चेंबर आडवा लांबट, आगीला चालायला मोठा रस्ता आणि शेवटच्या कोपऱ्यातल्या वायूला तापायला भरपूर वेळ. रिकार्डोने काय केलं, हेडचा पिस्टनवरचा भाग खाली आणला, इतका की पिस्टन वर आला की जेमतेम फट राहील. पिस्टन वर येताना त्या फटीतला वायू जोरात बाहेर ढकलला जातो, चेंबरमध्ये भोवरा होतो आणि आग दुप्पट वेगाने पळते. कोपऱ्याला तापायला वेळच मिळत नाही. नवा भाग एकही नाही, फक्त हेडच्या आतला आकार बदलला! मी काल माझं हेड उलटं करून त्यावर बोट फिरवलं, तो सपाट भाग अजूनही आहे, शंभर वर्षांनीसुद्धा.

मडगाव_केमिस्ट्री · १५ ऑगस्ट, दुपारी १.२०

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून यातली एक बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. आकार बदलून नॉकिंग थांबवणं हा एक रस्ता झाला. दुसरा रस्ता इंधन बदलायचा, आणि तिथे जे घडलं ते वाचून मला अजून राग येतो.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली नावाचा माणूस हेच शोधत होता. आयोडीन घालून बघितलं, ॲनिलीन बघितलं, टेल्युरियम बघितलं, त्याचा वास कपड्यांमधून महिनोन् महिने जात नसे म्हणतात. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राइथाइल लेड सापडलं, चमचाभर घातलं की नॉकिंग गायब. १९२३ मध्ये विक्री सुरू. १९२४ मध्ये ते बनवणाऱ्या कारखान्यांतले कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मिजलीला स्वतःलाही शिशाची बाधा झाली होती. तरीही पुढची कित्येक दशकं जगभर तेच पेट्रोल जळलं आणि ते शिसं मुलांच्या रक्तात गेलं. आपल्या देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. सगळ्यात शेवटी अल्जेरियाने बंद केलं, २०२१ मध्ये. म्हणजे कालपरवापर्यंत!

आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे अल्कोहोल घातलं की नॉकिंग थांबतं हे त्या लोकांना चांगलं माहीत होतं. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतो, त्याच्यावर पेटंट कसं मिळणार? शोध मोठा म्हणायचा की नाही हे ठरवताना तो कोणाच्या अंगावर गेला तेही मोजायला हवं असं मला मनापासून वाटतं. माझ्या मुलांना मी हे दरवर्षी सांगते.

कोलवाळ_रायडर · १५ ऑगस्ट, दुपारी १.५५

मॅडम म्हणजे आता पंपावर जे ई२० मिळतं ते तेच अल्कोहोल ना? मग नॉकिंग कमी व्हायला पाहिजे. सगळे तर शिव्या घालतायत त्याला.

मडगाव_केमिस्ट्री · १५ ऑगस्ट, दुपारी २.३०

हो तेच इथेनॉल. नॉकिंगच्या बाबतीत ते चांगलंच, ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला तोंड द्यायची ताकद, वाढतो आणि बाष्प होताना ते उष्णता ओढून घेतं त्यामुळे आत जाणारा वायू थंड होतो. पण एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के कमी. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (आत वायू किती दाबला जातो ते) त्या ऑक्टेनचा फायदा घ्यायला वाढवलेलं आहे तिथे भरपाई होते, जुन्या गाडीत नाही होत. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे इथेनॉल पाणी शोषतं. अर्धी रिकामी टाकी, महिनाभर उभी गाडी आणि गोव्यातला जुलै, तळाशी पाणी आणि अल्कोहोलचा वेगळा थर बसू शकतो. चतुर्थीला मुंबईहून येणाऱ्यांनी बंद घरातली स्कूटर सुरू करायच्या आधी हे लक्षात ठेवा.

स्पॅनरवाला_फोंडा · १५ ऑगस्ट, दुपारी ३.१०

मॅडम बरोबर बोलल्या. दर पावसाळ्यात कार्ब्युरेटरच्या बाऊलमधून पाण्याचे थेंब काढतो मी. आणि काका, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे कार्ब्युरेटरच्या गाडीत मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. नवीन गाडीत लॅम्बडा सेन्सर धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल वाढवतो, तुमच्या जीपला ते कळत नाही. मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, एक नंबर मोठा घालून बघायचा आहे.

टूस्ट्रोक_पेडणे · १५ ऑगस्ट, रात्री ८.४५

चार स्ट्रोकचीच चर्चा चाललीय म्हणून मी येतो. ज्याने यामाहाची आरएक्स १०० बाइक चालवली त्याला विचारा इंजिन म्हणजे काय. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, १९८५ ते १९९६ भारतात बनली. माझ्याकडे मोठ्या भावाची आहे, पेडण्याच्या बाजाराच्या दिवशी चालू केली की लोक वळून बघतात.

काका तुम्ही आगीची गोष्ट सांगितली, मी धुराची सांगतो. टू स्ट्रोकमध्ये जुना धूर बाहेर जायचा आणि नवीन मिक्स्चर आत यायचा दरवाजा एकाच वेळी उघडा असतो, त्यामुळे ताजं मिक्स्चर थेट सायलेन्सरमधून पळून जातं. शेवटी बीएसच्या (भारत स्टेज, म्हणजे धुराच्या) नियमांत टू स्ट्रोक बाइक मेली ती याच्यामुळेच. पण ते पळणारं मिक्स्चर परत आणायचा जो उपाय निघाला तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा शोध. सायलेन्सरच. नुसती नळी नाही हां, त्या नळीचा आकार.

पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीत वॉल्टर काडन नावाचा इंजिनियर होता. धूर बाहेर पडताना जो धक्का निघतो तो आवाजासारखा नळीतून जातो, नळी रुंद होत गेली की उलटी ओढ तयार होते ती धूर खेचून बाहेर काढते आणि ताजं मिक्स्चर आत येतं, पुढे नळी परत निमुळती झाली की धक्का आपटून मागे फिरतो आणि बाहेर आलेलं ताजं मिक्स्चर पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, बंद व्हायच्या आत परत सिलेंडरमध्ये ढकलतो. म्हणजे व्हॉल्व्हचं काम आवाजाने केलं! नुसती पत्र्याची नळी वाकवून. १९६१ पर्यंत त्याने १२५ सीसीमधून २५ हॉर्सपॉवर काढली, म्हणजे लिटरला २००, टर्बो नाही काही नाही. पैसे नाहीत, चांगला धातू मिळत नाही अशा देशात.

आणि मग त्याचाच रायडर एर्न्स्ट डेगनर. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनच्या रेसला गेला तो परत गेलाच नाही, बायकोमुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपलीकडे आणलेलं. सगळी माहिती सुझुकीकडे गेली आणि १९६२ मध्ये सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद डेगनरलाच. त्यानंतर जपानी टू स्ट्रोकने जग जिंकलं, आणि आपल्या भावांच्या बाइकपर्यंत जे पोचलं त्याची मुळं तिथे आहेत. काडन मात्र तिथेच राहिला. मला त्या माणसाबद्दल फार वाटतं.

वास्कोची_नात · १६ ऑगस्ट, सकाळी ११.१०

मी मेकॅनिक नाही, इंजिनियर नाही, पण काकांचं "आग शिकली" हे वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

माझे आजोबा वास्कोला टॅक्सी चालवायचे, डिझेल मर्सिडीज १८०. पोर्तुगीज काळात बाहेरच्या गाड्या गोव्यात सहज यायच्या त्यातली. मुरगाव बंदरावरून खलाशी आणि एजंट लोकांना पणजीला न्यायची. मी पाच-सहा वर्षांची असताना ती शेवटच्या दिवसांत होती पण चालायची. सकाळी आजोबा मला शेजारी बसवायचे, डॅशबोर्डवरची एक मूठ अर्धी ओढायचे आणि थांबायचे. मुठीजवळ एक छोटंसं जाळीदार झाकण होतं, मिठाच्या डबीसारखं, त्याच्या आत एक तार. ती तार हळूहळू काळपट लाल, मग लाल, मग नारिंगी व्हायची. आजोबा म्हणायचे, "आता बोल." मी "चल" म्हणायचे आणि ते मूठ पूर्ण ओढायचे, मग ते इंजिन खडखड करत जागं व्हायचं. मला खरंच वाटायचं माझ्या बोलण्याने चालू होतं.

कधी कधी तार लाल व्हायचीच नाही. मग ते एक शब्द न बोलता पाना घेऊन बॉनेट उघडायचे. ती तार कशासाठी होती हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. ते झाकण आणि ती तार अजून आमच्या कपाटात आहे, गाडी भंगारात गेली तेव्हा आजोबांनी तेवढंच काढून घेतलं.

डिचोलीचा_काका · १६ ऑगस्ट, दुपारी १२.४०

ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. आणि तुम्ही नकळत माझ्या मते सगळ्यात मोठ्या शोधावर बोट ठेवलंत.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ च्या फेब्रुवारीत आउग्सबुर्गला तपासलं तेव्हा इंधनातल्या ऊर्जेपैकी २६.२ टक्के कामात आली, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांपेक्षा कितीतरी जास्त. पण ते गाडीत बसवता येत नव्हतं. डिझेल तेल आत फवारायला दाबाची हवा लागायची, त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, सगळं मिळून घराएवढं. डिझेल १९१३ मध्ये बोटीवरून नाहीसा झाला तोवर त्याचं इंजिन जहाजात आणि कारखान्यातच होतं.

बेंझ कंपनीत प्रॉस्पर लोरांज नावाचा इंजिनियर होता. त्याने १९०९ मध्ये पेटंट घेतलं, कल्पना अशी की मुख्य चेंबरच्या डोक्यावर एक छोटी कोठडी ठेवायची, मध्ये बारीक भोकं. तेल त्या कोठडीत सोडायचं. तिथे थोडं जळतं, दाब वाढतो आणि तो दाबच उरलेलं तेल भोकांतून मुख्य चेंबरमध्ये फेकतो, बारीक फवारा होऊन. कॉम्प्रेसरची गरजच संपली! आगीनेच आगीला तेल पोचवलं. त्यामुळे १९२० च्या दशकात डिझेल ट्रक आला आणि १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी, पहिल्या डिझेल मोटारींतली एक, आणि पुढे तुमच्या आजोबांची १८०. फक्त त्या कोठडीच्या भिंती थंड असल्या की सकाळी तेल पेटत नाही, म्हणून प्रत्येक कोठडीत एक ग्लो प्लग. तुमची तार म्हणजे त्या प्लगांचा आरसा, आतले प्लग दिसत नाहीत म्हणून त्यांच्याच करंटवर तापणारी एक तार समोर ठेवलेली.

आणि ही कोठडी पुढे मेली नाही बरं का. होंडाने १९७२ मध्ये सीव्हीसीसी नावाचं इंजिन दाखवलं, पेट्रोल इंजिनात तीच युक्ती. छोट्या कोठडीत घट्ट मिक्स्चर, मोठ्या चेंबरमध्ये इतकं पातळ की एरवी पेटलंच नसतं, आणि कोठडीतून निघालेली ज्वाला ते पेटवते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय (धूर साफ करणाऱ्या भागाशिवाय) अमेरिकेचे १९७५ चे धुराचे नियम पार केले होंडाच्या सिव्हिक गाडीने. आणि आता मासेराटीच्या २०२० च्या व्ही६ मध्ये परत तीच कोठडी, फॉर्म्युला वनमधून आलेली. भोकांतून ज्वालेचे भाले निघतात, सगळ्या कोपऱ्यांत एकदम पोचतात, नॉकिंगला जागाच राहत नाही.

डिझेलमध्ये मात्र कॉमन रेलने, म्हणजे सगळ्या सिलेंडरांना एकाच दाबाच्या नळीतून तेल द्यायच्या पद्धतीने, त्या कोठडीला बाहेर काढलं, १९९७ ची आल्फा १५६ ही तशी पहिली कार. हजार बारच्या वर दाबाने तेल थेट मुख्य चेंबरमध्ये, आणि आधी एक छोटा थेंब सोडून आग सावकाश लावायची म्हणून ती खडखड गेली. आपल्या स्विफ्टमधलं १.३ डिझेल आठवा, एका चक्रात पाच वेळा फवारायची सोय. चोडणच्या फेरीवर उभं राहून जुनं डिझेल आणि नवी गाडी शेजारी ऐकली की फरक कानाला कळतो.

मांडवीकाठचा_वकील · १६ ऑगस्ट, सायंकाळी ६.००

आग लवकर पसरवायची आणखी एक युक्ती आपल्याच देशात कोर्टात गेली होती हे इथे यायलाच हवं. एका प्लगऐवजी दोन, म्हणजे आगीचा रस्ता अर्धा. बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय म्हणून आणलं, पेटंट क्रमांक १९५९०४. २००७ मध्ये टीव्हीएसने फ्लेम बाइक आणली, दोन प्लग पण तीन व्हॉल्व्ह. बजाजने मद्रास हायकोर्टात मनाईहुकूम मिळवला, काही काळ फ्लेम एका प्लगवर विकावी लागली. पुढे २००९ मध्ये खंडपीठाने तो हुकूम उठवला आणि सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने विक्रीला मुभा दिली, वर पेटंटचे असे दावे चार महिन्यांत निकालात काढा असंही खालच्या कोर्टांना सांगितलं. दोन्ही कंपन्यांनी शेवटी २०१९ मध्ये आपसात मिटवलं.

मूळ वाद किती बारीक होता बघा. दोन प्लग विमानाच्या इंजिनात फार आधीपासून आहेतच. बजाजचं म्हणणं की ४५ ते ७० मिलिमीटर बोअरच्या (सिलेंडरच्या व्यासाच्या) छोट्या इंजिनात पातळ मिक्स्चर जाळण्यासाठी हे आम्ही केलं. जुनी गोष्ट नव्या मापात बसवणं हा शोध म्हणायचा का? मी म्हणतो हो, मापातच सगळी मेहनत असते. ओटोचं पेटंट पण १८८६ मध्ये असंच पडलं होतं, बो द रोशास नावाच्या फ्रेंच माणसाने १८६२ मध्येच चार स्ट्रोक कागदावर लिहून ठेवलेले निघाले. त्याने एकही इंजिन बनवलं नव्हतं, तरी पेटंट गेलं.

कोलवाळ_रायडर · १६ ऑगस्ट, सायंकाळी ६.२५

आणि व्हँकल इंजिन? त्यात तर पिस्टन वरखाली होतच नाही, त्रिकोण फिरतो. ते का नाही टिकलं?

डिचोलीचा_काका · १६ ऑगस्ट, सायंकाळी ७.०५

परत आगच रे. त्रिकोण फिरतो तसा चेंबर लांब आणि चपटा होऊन पुढे सरकतो, आग एका टोकाला पोचेपर्यंत तो निघून चाललेला असतो. म्हणून माझदाने प्रत्येक रोटरला दोन प्लग लावले, आणि १९९१ मध्ये ल मां शर्यत जिंकलेल्या ७८७बी गाडीला तर तीन. तरी कोपऱ्यातलं थोडं न जळता राहायचंच, शिवाय टोकांच्या सीलची झीज. यंत्र म्हणून फार सुंदर, पण आगीला ते घर मानवलं नाही.

डिचोलीचा_काका · १९ ऑगस्ट, रात्री ८.३०

स्पॅनरवाला भाऊ, हात जोडतो. डिस्ट्रिब्युटर उघडला, प्लेट उचलली, एका वजनाची स्प्रिंग हुकापाशी तुटून खाली पडलेली, गंजून लाल. दुसरी एकटीच ताण धरून होती. बोटाने वजन ढकललं तर काही विरोध न करता बाहेर जात होतं. मेन जेट पण अर्धा हिरवट मळाने भरलेला.

बोअर मोजला, तीन नंबरला ओरखडे आहेत पण स्लीव्ह, म्हणजे सिलेंडरचं आतलं अस्तर, बदलून भागेल, ब्लॉक वाचला. पिस्टन चारही नवीन घेतोय, एकच बदलला तर वजनात फरक राहतो. चवथीला गाडी रस्त्यावर येणार नाही, बसने जाऊ.

स्पॅनरवाला_फोंडा · १९ ऑगस्ट, रात्री ८.५०

स्प्रिंग जोडीने बदला, एकट्या नको. दोन्ही स्प्रिंगा मुद्दाम वेगळ्या असतात, एक पातळ एक जाड, सारख्या घालू नका. टायमिंग लाइटने १००० ला आणि ३००० ला तपासा. हेड बसवायच्या आधी सरळपट्टी आडवी लावून वाकलंय का बघा, इतकं तापलेलं हेड मी विश्वासाने बसवत नाही.

वास्कोची_नात · १९ ऑगस्ट, रात्री ९.१५

काकांची पोस्ट आईला वाचून दाखवली, ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग कपाटातून ते झाकण काढून आणलं. तार शाबूत आहे, कुठे तुटलेली दिसत नाही. स्पॅनरवाला दादा, ही घरच्या स्कूटरच्या बॅटरीला लावली तर पेटेल का?

स्पॅनरवाला_फोंडा · १९ ऑगस्ट, रात्री ९.२२

ताई नको नको, तसं अजिबात लावू नका! त्या गाडीत चारही ग्लो प्लग एकामागे एक सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि ही तारही त्याच रांगेत. सगळ्यांनी मिळून १२ व्होल्ट वाटून घेतलेले, तारेच्या वाट्याला एक-दीड. एकटीला १२ दिले तर क्षणात तुटेल. म्हणूनच एक प्लग गेला की पूर्ण रांग बंद आणि तार काळीच राहायची, आजोबा तेव्हा बॉनेट उघडायचे ते यासाठी, चारांतला मेलेला एक शोधायला.

माझ्याकडे २ व्होल्टचा एक मोठा सेल आहे, चार्ज करून ठेवतो. मध्ये जाड तारेचं वेटोळं घालून कमी करत करत देऊ. घेऊन या कधीही.

वास्कोची_नात · १९ ऑगस्ट, रात्री ९.३०

रविवारी अकरापर्यंत येते. आईलाही आणते.